जे फोनवर नाही ते दुकानातून कसं आणायचं : एलपी, सीडी, डीव्हीडीची खरेदी

मुंबईतल्या काळा घोड्याचं गाण्यांचं दुकान ऱ्हिदम हाऊस फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस बंद झालं, प्लॅनेट एम ही दुकानांची साखळी गेली, नाक्यावरची कॅसेटची दुकानं मोबाइल रिचार्जची झाली, तरी गाणी आणि सिनेमे दुकानात मिळायचे थांबलेले नाहीत, फक्त दुकानात जायचं कारण बदललंय. नवीन काय आलंय ते घरबसल्या कळतं, त्यासाठी कोणी बाहेर पडत नाही. आता जायचं ते फोनवर जे नाहीये ते आणायला. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की काय घ्यायचं, किती पैसे मोजायचे, काय तिथंच सोडून यायचं हे बरंचसं आपोआप ठरतं.

म्हणून पहिलं काम घरीच करायचं, ते म्हणजे यादी. आवडीचं गाणं ॲपवर शोधा आणि नीट ऐका की तुमच्या कानात बसलंय तेच रेकॉर्डिंग आहे का. मराठीत हा घोळ फार आहे. एकच नाट्यपद बालगंधर्वांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या जुन्या) तबकडीवर असतं, नंतरच्या दोन-तीन गायकांच्या एलपीवर, म्हणजे नंतर आलेल्या जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्डवर असतं, कुठल्यातरी मैफलीच्या कॅसेटवर असतं आणि ॲपवर त्यातलं एखादंच मिळतं, तेही साल चुकीचं, कारण तिथं बऱ्याचदा कंपनीने तो संग्रह चढवला ते साल दिसतं, गाणं गायलं ते नाही. भावगीतांमध्ये मूळ गायकाऐवजी दुसऱ्याच कोणी गायलेलं, नाहीतर मूळ आवाजावर नवीन ठेका चढवलेलं सर्रास पुढे येतं. त्यामुळे यादीत नुसतं गाण्याचं नाव नको. गायक, साधारण साल, नाटक की चित्रपट की मैफल, तबल्याला-पेटीला कोण हे ठाऊक असेल तर ते, आणि मिळाला तर रेकॉर्डचा नंबर. नंबर डिस्कॉग्ज या रेकॉर्डची नोंद ठेवणाऱ्या साइटवर सापडतो, तिथं भारतीय रेकॉर्डपण बऱ्याच आहेत. एचएमव्हीच्या जुन्या शास्त्रीय एलपींवर नंबराआधी ईसीएलपी असेल तर ती मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरला एकच आवाज, आणि ईसीएसडी असेल तर स्टिरिओ, एवढं लक्षात ठेवलं तरी दुकानात खूप उपयोग होतो.

जायचं कुठे? मुंबईत चोरबाजारात मटन स्ट्रीटवर रेकॉर्डची दुकानं आहेत, पण ती शुक्रवारी बंद असतात. चांगल्या स्थितीतल्या किंवा कोऱ्या एलपी हव्या असतील तर माहीमला रिव्हॉल्व्हर क्लब नावाचं दुकान आहे, तिथं प्लेअरसुद्धा मिळतात. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, लवकर गेलेलं बरं. आणि आपल्या गावातलं जुनं गाण्यांचं दुकान आता दुसरंच काही विकत असेल ना, तरी आत जाऊन विचाराच, "काका, जुन्या सीडी-कॅसेट काही उरल्यात का?" माळ्यावर खोकी पडलेली असतात आणि त्यांना ती काढायचीच असतात. पुण्याच्या अलूरकरांनी मैफलींच्या ज्या कॅसेट आणि सीडी काढल्या होत्या तसला माल अशाच खोक्यांत निघतो, त्यासाठी मी तरी कितीही धूळ खायला तयार आहे.

आता रेकॉर्ड हातात आली की काय बघायचं. आधी कव्हरातून बाहेर काढा आणि लेबल वाचा, कव्हर एकाचं आणि आत तबकडी दुसऱ्याचीच हे जुन्या बाजारात अगदी रोजचं आहे. मग कडेला धरून डोळ्याच्या रेषेत आडवी धरा, वाकलेली असेल तर लगेच कळतं, थोडीशी लाट चालते पण बशीसारखी झालेली नको. मग उजेडाखाली तिरकी फिरवा. केसासारखे बारीक चरे असतात त्यांनी फारसं बिघडत नाही, पण चऱ्यावरून हळूच नख फिरवलं आणि नखाला लागला तर तो सुईलाही लागणार, तिथं टकटक होणार किंवा सुई अडकणार. मधल्या भोकाभोवती लेबलवर खूप ओरखडे असतील तर ती रेकॉर्ड पुष्कळ वाजलेली आहे असं समजा. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी, कोकणातल्या आणि मुंबईतल्या घरांतल्या रेकॉर्डवर ती असतेच, एलपी ज्या व्हिनाइल प्लॅस्टिकची असते त्याच्यावरची बरीचशी धुऊन जाते, तेवढ्यासाठी चांगली तबकडी सोडू नका. दुकानदाराकडे प्लेअर असेल तर दोन्ही बाजूंचं शेवटचं गाणं लावायला सांगा, कारण मधल्या भागाकडे खोबणीचा वेढा लहान होत जातो आणि झीज असेल तर तिथं आवाज आधी फाटतो.

७८ च्या तबकड्या हे वेगळं प्रकरण आहे. त्या शेलॅकच्या, म्हणजे लाखेच्या, पडल्या की फुटतात, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, आणि त्यांची खोबणी रुंद असल्यामुळे एलपीची सुई चालत नाही, वेगळी लागते. प्लेअरला ७८ चा वेग आहे का तेही बघा, आजकालच्या बऱ्याच प्लेअरना फक्त ३३ आणि ४५ असतात. ७८ च्या तबकड्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात लावू नका, शेलॅक विरघळतं. प्लेअरचा विषय निघालाच आहे तर सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर जपून घ्या, त्यातल्या बहुतेकांत सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असतं आणि ते रेकॉर्डवर चांगलंच जड बसतं, चांगल्या कार्ट्रिजचा भार साधारण दोन ग्रॅमच्या आसपास असतो. दुर्मिळ रेकॉर्ड शोधून आणायची आणि असल्या प्लेअरवर झिजवायची हे मला बघवत नाही.

सीडीचं उलट आहे, लोक चमकणारी बाजू निरखतात आणि छापील बाजू बघतच नाहीत. सीडीत गाणं असलेला चकचकीत थर छापील बाजूच्या अगदी खाली असतो, वर फक्त वार्निशचा पातळ थर, त्यामुळे तिथला खोल ओरखडा म्हणजे गाणंच गेलं. सीडी दिव्यासमोर धरा, टाचणीने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसले तर ठेवून द्या. चमकत्या बाजूला आतून बाहेर गेलेला चरा बऱ्याचदा चालून जातो, गोल गोल गेलेला जास्त त्रास देतो. डीव्हीडीत माहितीचा थर दोन पातळ चकत्यांच्या मधे असतो म्हणून वरच्या बाजूचं एवढं टेन्शन नाही. खालची बाजू जांभळट किंवा निळसर दिसली तर ती बहुधा घरी बर्न केलेली आहे, कंपनीची छापलेली डिस्क सहसा चंदेरी असते. आणि शंभर-दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी म्हणजे दाबलेला आवाज, ती गाडीत ऐकायला ठीक, जपून ठेवायला नाही.

सिनेमा घेताना व्हीसीडी, म्हणजे साध्या सीडीवर भरलेला सिनेमा, शक्यतो टाळा, चित्र ३५२ बाय २८८ चं, आजच्या टीव्हीवर अगदी पुसट दिसतं. पण जुना मराठी सिनेमा दुसऱ्या कुठल्याच रूपात मिळत नसेल तर व्हीसीडीच घ्या, आणि दोन्ही डिस्क आत आहेत ना ते बघा, दुसरी हरवलेली असते. साधारण २००७ पासून मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ ला विकायला सुरुवात केली होती, तेव्हाचा भरपूर माल अजून फिरतोय. खरी आहे की नकली हे ओळखायला कव्हरची मागची बाजू वाचा, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ए प्रमाणे बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्क कोणाकडे ते आणि सिनेमा असेल तर सेन्सॉर सर्टिफिकेटची प्रत द्यावी लागते. एका डीव्हीडीत सहा सिनेमे असतील तर हे बहुधा काहीच नसतं, आणि चित्रही तसंच असतं. सर्टिफिकेटवर लांबी दिलेली असते ती डिस्कवरच्या वेळेशी ताडून बघा, गाणी कापलेल्या प्रती पुष्कळ आहेत. अमेरिकेतल्या नातेवाइकांना पाठवायची असेल तर रीजन, म्हणजे डीव्हीडी कुठल्या देशांत चालेल त्याचा आकडा, बघा, भारत ५ मध्ये येतो आणि अमेरिका १ मध्ये, ऑल रीजन लिहिलेली आणि एनटीएससी (अमेरिकेतल्या टीव्हीची चित्रपद्धत) असेल तर काळजी नाही.

भावाचं बोलायचं तर यादी खिशातच ठेवा, बाहेर काढून एकेक नाव विचारत बसलात की भाव चढतो. आधी खोकं निवांत चाळा, पाच-सहा बाजूला काढा, मग "चाचा, सबका मिलाके बोलो". पण जी गोष्ट खरंच कुठेच मिळत नाही तिच्यासाठी पन्नास रुपयांवरून उठून येऊ नका, पुढच्या खेपेला ती तिथं नसते.

डिजिटल विकत घेतानाही हाच हिशोब लावायचा. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं एमपीथ्रीचं दुकान काढलं होतं, ते २०१३ च्या जूनमध्ये गुंडाळलं. म्हणून पैसे देण्याआधी एवढंच बघा की फाइल आपल्या हातात येते की नुसती ॲपमध्ये दिसते. बँडकॅम्प या साइटवर बरेच नवे कलाकार स्वतः विकतात, तिथं फ्लॅक, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणारी, फाइल डाउनलोड करता येते, तसलं घ्या.

आणलेला माल त्याच आठवड्यात साफ करून कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. एलपी डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब घेऊन मऊ कापडाने खोबणीच्या दिशेने पुसायची, लेबल भिजू द्यायचं नाही, आणि सुकली की उभी ठेवायची, आडव्या थप्पीत नाही. सीडी मधून बाहेर पुसायची, गोल नाही. लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर यूएसबी डीव्हीडी रायटर मिळतो, सीडी फ्लॅकमध्ये उतरवा, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि वाचताना कुठे चुकलं ते सांगतं. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून मगच लावा. कव्हरच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि मागे छापलेलं राग, ताल, कवी, तबला, पेटी, सारंगी हे सगळं फाइलच्या टॅगमध्ये (फाइलसोबत साठणाऱ्या माहितीत) टाइप करा, कंटाळा आला तरी करा, कारण साथीदारांची ही नावं बऱ्याच ॲपवर येतच नाहीत. फाइल दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक ठिकाण दुसऱ्या कोणाच्या घरी.