लाँग अँड लो: घोड्याला मान पुढे-खाली सोडायला कसं शिकवावं

लगाम ढिला सोडला आणि घोड्याने मान खाली घातली, तर त्याला लाँग अँड लो म्हणत नाहीत. घोडा बिटच्या (लगामाला जोडलेल्या, तोंडातल्या कडीच्या) मागे मागे स्वतः मान पुढे आणि खाली लांबवतो, पाठ उचलतो, मागचे पाय पोटाखाली टाकत राहतो, आणि एवढं होऊनही हातातला हलका कॉन्टॅक्ट, म्हणजे लगामातून त्याच्या तोंडाशी असलेला संपर्क, तुटत नाही. यातली एक जरी गोष्ट कमी असेल, तर व्यायाम झालेला नाही.

घोड्याच्या कानांमागून एक जाड, लवचिक अस्थिबंध निघतो आणि मानेच्या वरच्या कडेने विदर्सपर्यंत (मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यापर्यंत) येतो. मान पुढे-खाली गेली की तो ताणला जातो, विदर्सच्या मणक्यांचे उंच काटे पुढे ओढले जातात आणि जीनखालची पाठ वर यायला मदत होते. मात्र उभ्या घोड्याचं साधारण ६० टक्के वजन मुळातच पुढच्या पायांवर असतं, आणि मान खाली गेली की ते वाढतं. म्हणून मागच्या पायांचं काम चालू नसेल, तर हा व्यायाम पुढच्या पायांच्या सांध्यांवर आणि कंडरांवर नुसता भार टाकतो.

आधी दहा मिनिटं लांब लगामावर मोकळा वॉक (साधी चाल). मग रायझिंग ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीच्या तालावर जीनवरून उठत-बसत) २० मीटरचं सर्कल, नेहमीच्या कॉन्टॅक्टवर. ताल एकसारखा होईपर्यंत आणि घोडा तुमच्या आतल्या (सर्कलच्या मध्याकडच्या) पोटरीभोवती थोडा वळून बाहेरच्या लगामात येईपर्यंत मान सोडायची घाई नको. घोडा हातात आलेलाच नसेल, तर सोडायला काही नसतं.

आता आतल्या पोटरीने मागचा पाय जागा करा, हलका हाफ हॉल्ट द्या (क्षणभर थोपवून लगेच सोडा) आणि बोटं किंचित उघडा. लगाम एका वेळी पाचेक सेंटिमीटरच सरकू द्या, तोही घोडा मागेल तेवढा. हात पुढे आणि थोडे खाली, त्याच्या तोंडाच्या दिशेने. कोपर ते बिट रेषा सरळच राहिली पाहिजे. घोड्याने मागितलं नाही, तर लगाम पुढे फेकू नका. बोटं मिटा, आणखी अर्धं सर्कल चाला, पुन्हा विचारा. स्वतः मानेवर झुकू नका. तुमचं वजन पुढे गेलं की त्याचंही जातं.

सुरुवातीला तोंड खांद्याच्या टोकाइतकं खाली आलं तरी पुष्कळ झालं. तयार घोडा गुडघ्याच्या पातळीकडे जाईल. नाक मात्र उभ्या रेषेच्या किंचित पुढेच हवं. हनुवटी छातीकडे वळली, तर तो ताण नाही, दुमडणं आहे. अशा वेळी हात हलका करा आणि पोटरीने पुढे पाठवा. ड्रॉ रेन्सने (जीनच्या पट्ट्यापासून बिटमधून हातात येणाऱ्या जादा लगामांनी) डोकं खाली ओढून हे कधीच साधत नाही. घोडा मान लांबवण्याऐवजी बिटपासून पळायला शिकतो, आणि ती सवय मोडायला फार वेळ जातो.

आपल्याकडच्या रायडिंग स्कूलमधले बरेच घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. बिटवर रेलायचं आणि पळायचं, हे ट्रॅकवर त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. लगाम लांबला की ते पावलं छोटी करून घाईने धावू लागतात. त्यांना लगाम ओढून थांबवू गेलं, तर टेकायला आणखी काहीतरी मिळतं. त्याऐवजी तुमचं उठणं-बसणं मुद्दाम संथ करा, सर्कल १५ मीटरवर आणा आणि तालावर आले की मगच पुन्हा सोडा. अशा घोड्यांशी पहिले काही आठवडे हे वॉकमध्येच करणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

लगाम हिसकावणारा घोडा वेगळा. तो बहुतेकदा घट्ट किंवा अस्थिर हाताला कंटाळलेला असतो. पण प्रत्येक वेळी मान वर टाकत असेल, पाठ खचवत असेल, तर आधी दात, जीनचं बसणं आणि पाठीचं दुखणं तपासून घ्या, शिकवणं नंतर. सर्कलबाहेर सरकणाऱ्या घोड्याचा बाहेरचा लगाम तुम्ही आतल्यापेक्षा जास्त सोडलेला असतो.

एका वेळी एक-दोन सर्कल पुरेत. वॉर्म-अपमध्ये, अवघड कामांच्या मधे आणि शेवटी असं वाटून घ्या. पूर्ण अर्धा तास नाक जमिनीकडे ठेवून फिरवू नका. परत घेतानाही घाई नको: मागचा पाय चालू ठेवून, अर्ध्या सर्कलभर, बोटाबोटाने लगाम आखूड करा. डोकं झटक्याने वर आलं किंवा ताल मोडला, तर तेवढाच भाग पुन्हा करा. अगदी खोल वाळूत किंवा पावसाने निसरड्या झालेल्या मैदानावर त्या दिवशी ट्रॉटमधला ताण सोडून द्या, वॉकवर भागवा.