जुन्या जाहिरातीचं साल ठरवताना

जाहिरातींच्या इतिहासावर काम करायला घेतलेला नवखा माणूस हमखास अडखळतो तो एजन्सीच्या नावाशी. एअर इंडियाचा महाराजा १९४६चा. कल्पना कंपनीतले अधिकारी बॉबी कूका यांची, चित्र उमेश राव यांचं. राव जे. वॉल्टर थॉम्पसनचे. ही एजन्सी मुंबईत आली १९२९मध्ये. तीच पुढे हिंदुस्तान थॉम्पसन, मग जेडब्ल्यूटी, २०१८नंतर वंडरमन थॉम्पसन आणि आता व्हीएमएल. महाराजाच्या नोंदीत यातलं नंतरचं कुठलंही नाव घातलंत तर नोंद चुकली. उत्पादक कंपनीच्या नावाचंही तेच. लीला चिटणीसांची लक्सची जाहिरात १९४१ची. लक्सच्या कंपनीला हिंदुस्तान लिव्हर हे नाव आलं १९५६ला आणि हिंदुस्तान युनिलिव्हर झालं २००७ला. त्या सालचं नाव लिहा, आजचं कंसात.

म्हणजे आधी साल पक्कं हवं. इंटरनेटवर चित्राखाली टाकलेल्या सालावर एक ओळसुद्धा उभी करू नका. भिंग घ्या आणि जाहिरातच वाचा. किंमत 'नव्या पैशांत' असेल तर ती १९५७ ते १९६४च्या दरम्यानची. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२नंतरची. नुसतं 'मुंबई १' दिसलं म्हणून मात्र त्याआधीची ठरवू नका, जुनी सवय लोकांनी बरीच वर्षं सोडली नव्हती.

खरी गोम तळाच्या कोपऱ्यात असते. चौकटीला चिकटून मुंगीएवढ्या अक्षरांत एक क्रमांक असतो: एजन्सीची आद्याक्षरं, उत्पादनाची खूण, कामाचा नंबर, कधी शेवटी भाषेचीही खूण. त्यात '५५-१४०' दिसलं की लगेच १९५५ लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. तो कामाचा नंबरही असू शकतो. त्याच उत्पादनाच्या, पक्की तारीख असलेल्या मासिकांच्या चार-पाच अंकांतल्या जाहिराती शेजारी ठेवा, आकडे वर्षागणिक कसे सरकतात ते पाहा, मगच ठरवा. फोटो काढताना तो कोपरा कापलात तर पुन्हा खेप घालावी लागेल.

ग्रंथालयात मासिकांचे बांधीव खंड मागू नका. बांधणीवाले बऱ्याचदा मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकतात, आणि महागड्या जाहिराती तर मलपृष्ठावरच असायच्या. सुटे दिवाळी अंक मागा. पहिले काही दिवस हाती काहीच लागत नाही, जीव रडकुंडीला येतो. येऊ द्या, पंधरा-वीस जाहिराती नीट पाहिल्या की नजर बसते.

माध्यमांच्या तारखा पाठच हव्यात. विविध भारतीवर जाहिराती १९६७पासून, दूरदर्शनवर १९७६पासून. १९७४ची जाहिरात-फिल्म 'टीव्हीवर गाजली' असं कुणी लिहिलं असेल तर ते चूक. ती चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी लागायची.

विचारायचंच असेल तर स्टुडिओत आर्टवर्क करून निवृत्त झालेल्यांना विचारा. क्लायंट सांभाळणाऱ्यांना पुरस्कार आठवतात, यांना कामाचे नंबर. जाताना जाहिरातीची मूळ आकाराची झेरॉक्स न्या. मोबाइलच्या पडद्यावर तो कोपरा त्यांना दिसत नाही.