आयुष्मान कार्ड काढायच्या आधी रेशनकार्ड उघडून बघा

आमच्या भांडुपच्या चाळीत कुणी ॲडमिट झालं की पहिला फोन येतो, ताई ते पाच लाखवालं आयुष्मान कार्ड कुठे मिळतं. तेव्हा पेशंट आत असतो, डिपॉझिट मागितलेलं असतं आणि घरचे कपाट उपसत असतात. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते, घरात सगळे धडधाकट असताना वाचा आणि याच आठवड्यात कामाला लागा.

आधी योजना कुठली ते. महाराष्ट्रात दोन योजना एकत्र चालतात, राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना (जुन्या लोकांना २०१२ साली सुरू झालेली जीवनदायी आठवत असेल, तीच ही) आणि केंद्राची आयुष्मान भारत. आधी राज्याच्या योजनेत दीड लाखाचं कव्हर होतं, १ जुलै २०२४ पासून ते पाच लाख झालं, आणि पिवळं केशरीच नाही तर पांढरं रेशनकार्डसुद्धा चालतं. पांढरं आहे म्हणून आपलं होत नाही असं धरून गप्प बसलेली कितीतरी घरं आहेत, त्यांना मुद्दाम सांगा. पाच लाख हे अख्ख्या कुटुंबाला मिळून वर्षाला आहेत, माणशी नाहीत. आणि हे ॲडमिट होण्यासाठी, ऑपरेशन, अँजिओप्लास्टी, डायलिसिस, केमो वगैरे ठरलेल्या उपचारांच्या यादीसाठी आहे, ताप आला म्हणून ओपीडीत दाखवलं तर त्याचे पैसे यात नाही येत.

आता खरं काम. रेशनकार्ड काढा, समोर सगळ्यांची आधारकार्डं ठेवा आणि एकेक नाव बोट ठेवून वाचा. आमच्या शेजारच्या काकांचं रेशनकार्डावर दत्तू आणि आधारवर दत्ताराम, आडनावाचं स्पेलिंग तिसरंच, आणि नाव नेमकं घडीवर आल्याने शाई उडालेली. रेशन दुकानदार तोंडओळखीने धान्य देतो त्यामुळे वीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कॉम्प्युटर मात्र तोंड ओळखत नाही, तो नाव जुळवतो.

सगळ्यात जास्त अडकतात त्या घरातल्या सुना, मी स्वतः अडकलेय. लग्नाला चार वर्षं झाली होती, आधारवर सासरचं नाव करून घेतलं होतं पण रेशनकार्डात अजून माहेरीच, चिपळूणच्या कार्डावर जुन्या नावाने. पित्ताशयाच्या खड्यांनी रात्री ॲडमिट व्हावं लागलं तेव्हा एका हॉस्पिटलात काउंटरवरच सांगितलं की सासरच्या कार्डात तुम्ही नाही, माहेरच्या कार्डातलं नाव तुमचं आहे हे सिद्ध करा. मिस्टरांनी भिशीतले पैसे उचलून डिपॉझिट भरलं. नंतर कळलं की योजना कॅशलेस आहे, एकदा तुम्ही खिशातून भरून मोकळे झालात की बिलं दाखवून मागाहून पैसे मिळत नाहीत. त्या पैशाचं मला अजून वाईट वाटतं, कारण एका कागदाचं काम होतं.

तर सुनेचं नाव असं चढवा. आधी माहेरच्या रेशनिंग ऑफिसातून (गावाला असेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेतून) नाव कमी केल्याचा दाखला घ्यायचा, मग इथल्या शिधावाटप कार्यालयात नमुना ८ चा फॉर्म, सोबत तो दाखला, लग्नाचं सर्टिफिकेट, आधार. बाळाचं नावही याच फॉर्मने चढतं, जन्मदाखला लावून. नावात चूक असेल तर नमुना १४. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि काम झाल्यावर ऑनलाइन चढलंय का तेही विचारा, कारण पुस्तकावर पेनाने लिहिलेलं नाव सिस्टीममध्ये नसेल तर काही उपयोग नाही. दुकानातल्या अंगठा लावायच्या ई-पॉस मशीनवर सगळ्यांचं केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) झालंय ना हेही त्याच फेरीत बघून घ्या.

कार्ड गावचं आहे आणि राहतो मुंबईत, अशी कोकणातली आणि घाटावरची निम्मी घरं आहेत आपल्याकडे. काळजी करू नका, महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्याचं रेशनकार्ड चालतं.

हे झालं की आयुष्मान कार्ड म्हणजे दहा मिनिटांचं काम. मोबाईलवर आयुष्मान ॲप घ्या, महाराष्ट्र निवडा, आधार नंबर टाकून नाव शोधा, ओटीपी किंवा चेहरा दाखवून केवायसी करा, नावं पुरेशी जुळली तर कार्ड लगेच मंजूर होतं. आधारला मोबाईल नंबर जोडलेला हवा, नाहीतर ओटीपी बंद पडलेल्या जुन्या नंबरवर जातो आणि आपण बसतो वाट बघत. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं कार्ड निघतं, एकाचं काढलं म्हणजे सगळ्यांचं झालं असं नाही. पैसे लागत नाहीत, ॲप जमत नसेल तर योजनेतल्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेचं काम बघणारा तिथला माणूस) जा, तो काढून देतो. आणि आभा कार्ड म्हणजे हे नव्हे! आभा हा फक्त तुमच्या रिपोर्टांसाठी १४ अंकी नंबर आहे, त्यावर एक रुपयाचा उपचार होत नाही, पण नाव सारखं वाटतं म्हणून लोक ते काढून निर्धास्त होतात.

घरात सत्तरी पार केलेले आजी-आजोबा असतील तर त्यांचं वय वंदना कार्ड वेगळं काढा, ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालंय. त्याला रेशनकार्ड नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, फक्त आधारवर सत्तर पूर्ण दिसायला हवीत. कुटुंब आधीच योजनेत असलं तरी त्यांना वरचे पाच लाख वेगळे मिळतात. आजी-आजोबा दोघं असतील तर दोघांत मिळून पाच.

नोकरीवाल्यांनी आधी सॅलरी स्लिप बघा. महिना २१,००० पर्यंत पगार असेल आणि कंपनीत दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआयसी (नोकरदारांचा सरकारी आरोग्य विमा) कापली जाते, तुमचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५. म्हणजे १८,००० पगाराला १३५ रुपये. कापतात पण नंबर दिला नाही असं असेल तर लगेच मागा, आणि बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील यांची नावं त्यात चढवून घ्या. ईएसआयसीत ओपीडी आणि औषधंही येतात, हा मोठा फरक. कांदिवली, अंधेरी, मुलुंड, वरळी इथे त्यांची हॉस्पिटलं आहेत. हाउसकीपिंग, सिक्युरिटी, कॉन्ट्रॅक्टवर असलेल्यांनी तर नक्की बघा, बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता प्रत्यक्ष ॲडमिट व्हायची वेळ आली तर. हॉस्पिटल योजनेत आहे का, आणि नेमका तुमच्या आजारावरचा उपचार तिथे होतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचारा. फोन १५५३८८, किंवा आयुष्मानचा १४५५५. काही उपचार फक्त सरकारी हॉस्पिटलसाठी राखीव आहेत. आत शिरल्यावर बिलिंग काउंटरला न जाता आधी आरोग्यमित्राचं टेबल गाठा आणि डिपॉझिट भरायच्या आधी सांगा की योजनेतून करायचंय. आयुष्मान कार्ड नसलं तरी रेशनकार्ड आणि फोटो ओळखपत्रावर केस घेतात. इमर्जन्सी असेल तर फोनवरून मंजुरी घेता येते, कागद नंतर दिले तरी चालतात, तेव्हा कागद नाही म्हणून पेशंटला परत नेऊ नका. मंजुरी मिळाल्यावर त्या उपचाराचे, औषधांचे, जेवणाचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नाहीत असा नियम आहे. कुणी इम्प्लांटचे वरचे पैसे मागितले तर पावती मागा आणि तिथूनच हेल्पलाइनला तक्रार नोंदवून तक्रार नंबर लिहून घ्या.

योजनेत बसलं नाही तर मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात सोशल वर्करला भेटा. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तोही आधीच काढून ठेवा. खाटा असून नाही म्हणत असतील तर वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात तक्रार होते.

आमच्या घरी दाराच्या मागच्या खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली असते. त्यात रेशनकार्डाच्या दोन झेरॉक्स, सगळ्यांचे आधार, आयुष्मान कार्डांचे प्रिंट, सासऱ्यांचं वय वंदना, जुने रिपोर्ट आणि एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात १५५३८८. मुलीलासुद्धा माहीत आहे ती पिशवी कुठे आहे ते.