घरातलं प्लास्टिक: आधी गरम, मग तेलकट, बाकीचं सवडीने

सगळे डबे एकदम भंगारात काढायची गरज नाही. कोरडी डाळ, पोहे, भडंग यांचा डबा फारसा त्रास देत नाही. प्लास्टिकमधली रसायनं अन्नात जास्त उतरतात ती उष्णता आणि तेलामुळे, आंबटाचाही थोडा हात असतो. आवरायला तिथूनच घ्या.

आधी गरम. सांगली-मिरजेत टपरीवरचा उकळता चहा पातळ पिशवीला गाठ मारून देतात, खानावळीतला रस्साही तसाच. रश्श्यात तर तेल आणि उष्णता दोन्ही. गाडीच्या डिकीत कडीचा स्टीलचा डबा आणि छोटा थर्मास टाकून ठेवा. खानावळवाले डब्यात द्यायला कुरकुर करत नाहीत. त्यांचा गाठी मारायचा व्याप वाचतो. डब्यावर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं असलं तर तो वितळणार-वाकणार नाही, एवढंच समजा. त्यातून काहीच उतरणार नाही, अशी ती हमी नव्हे. गरम करायचं ते काचेच्या भांड्यात.

मग तेल. प्लास्टिकच्या डब्याला लागलेला भाजीचा पिवळा डाग कितीही घासा, जात नाही, कारण हळदीचा रंग तेलाबरोबर प्लास्टिकच्या आत शिरलेला असतो. जे आत शिरतं, त्याच वाटेने बाहेरही येतं. घाण्यावरून शेंगतेल कॅनमधून आणलंत तरी घरी आल्यावर स्टीलच्या बरणीत ओता. लोणचं चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत. मात्र प्लास्टिक नको म्हणून लोणचं-ताक तांब्यात किंवा अ‍ॅल्युमिनियममध्ये ठेवू नका, आंबटाने धातू उतरतो.

आता उरलेले डबे पालथे घालून प्लास्टिकची जात सांगणारा त्रिकोणातला आकडा बघा. २, ४, ५ त्यातल्या त्यात बरे. १ म्हणजे विकतच्या पाण्याची बाटली. ती पुन्हापुन्हा भरून उन्हात गाडीत ठेवू नये. ३ म्हणजे पीव्हीसी, मऊ करायला त्यात थॅलेट्स नावाची रसायनं घालतात. ६ म्हणजे थर्माकोलच्या जातीचं. ७ मध्ये सगळी सरमिसळ, त्यात पॉलिकार्बोनेटही येतं. त्यातलं बिस्फेनॉल ए (बीपीए) शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतं. बाळाच्या दुधाच्या बाटल्यांत ते वापरायला युरोपीय संघाने २०११ मध्येच बंदी घातली. ‘बीपीए फ्री’ लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका, त्याच्या जागी त्याचंच भावंड बिस्फेनॉल एस असू शकतं. आकडाच नसलेला, ओरखडे पडलेला किंवा तडकलेला डबा खिळे-स्क्रू ठेवायला घ्या.

आणि काढलेलं प्लास्टिक बंबात घालू नका. माझ्या मते बाकी सगळं जमलं नाही तरी एवढं कराच. आपल्याकडे पेटवणाला दुधाची पिशवी, तुटकी चप्पल सहज हाताशी येते आणि पेटतेही चटकन. पण त्यात पीव्हीसीचं काही असलं तर ते जळताना डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्यं धुरात जातात, आणि बंबापाशी फुंकर मारत बसलेल्याच्या नाकातोंडात तो धूर आधी जातो. बंबाला शेणी, चिपाडं, शेंगांची टरफलं चालतात. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून भंगारवाल्याला किंवा घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात द्या.