स्वादुपिंडाचा कॅन्सर आणि ईयूएसने उपचार: घरच्यांनी काय विचारायचं, काय तयारी करायची

ईयूएस म्हणजे टोकाला सोनोग्राफीचं यंत्र बसवलेली दुर्बीण. तोंडातून जठरात आणि पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत जाते, आणि स्वादुपिंड जठराच्या अगदी मागेच असल्यामुळे पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत गॅसमुळे जे झाकलं जातं ते इथून जवळून दिसतं. बऱ्याच जणांना ही फक्त गाठीचा तुकडा काढायची तपासणी वाटते, पण याच दुर्बिणीतून दुखणं कमी करता येतं, कावीळ उतरवता येते, अडलेला अन्नाचा रस्ता मोकळा करता येतो. यातल्या बहुतेक गोष्टींनी कॅन्सर जात नाही हे मनाशी पक्कं ठेवा, पण माणूस जेवतो, झोपतो, केमो सोसण्याइतकी ताकद राहते, ते काय कमी आहे का?

आधी दुखण्याचं बोलू, कारण तेच सगळ्यात जास्त अंगावर काढलं जातं. पोटातून पाठीत जाणारी कळ, पेशंटला आडवं झोपता येत नाही, रात्र रात्र पुढे वाकून बसून काढतो, आणि घरच्यांना वाटतं कॅन्सर आहे म्हणजे दुखणारच. तसं नाहीये. पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीजवळ सीलियाक प्लेक्सस नावाचं नसांचं जाळं असतं, तिथे जठरातून सुई नेऊन आधी बुपिव्हाकेन हे बधिर करायचं औषध आणि मग अल्कोहोल सोडतात, त्याने दुखण्याचे सिग्नल मंदावतात. १९९६ पासून हे ईयूएसने होतंय. फरक पडायला काही दिवस जाऊ शकतात, पहिले एकदोन दिवस दुखणं उलट वाढू पण शकतं, थोडे दिवस जुलाब होतात, बीपी उतरतं म्हणून सलाईन लावतात. परिणाम साधारण काही महिने टिकतो. मॉर्फिनच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नका, डोस डॉक्टरांनाच कमी करू द्या. आणि गोळ्यांनी भागत नाही असं दिसलं की लगेच विचारा, "सीलियाक ब्लॉक करता येईल का?"

कावीळ. आपल्याकडे कावीळ म्हटलं की आधी माळ आणि झाडपाला, त्यात महिना जातो. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला न दुखता कावीळ झाली, अंगाला खाज, संडास पांढरट, तर सरळ सोनोग्राफी करा. गाठीने पित्तनलिका दाबली असेल तर सहसा आधी ईआरसीपीने, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आतड्यातल्या पित्तनलिकेच्या तोंडातून, स्टेंट टाकतात, म्हणजे रस्ता उघडा ठेवणारी बारीक नळी. ते जमलं नाही तर बऱ्याच ठिकाणी बाहेरून लिव्हरमध्ये नळी घालून पिशवी लावतात, तीही गरजेची असते, पण जिथे सोय आहे तिथे ईयूएसने जठरातून किंवा आतड्यातून पित्तनलिकेत आतल्या आत स्टेंट टाकता येतो, पिशवी सांभाळावी लागत नाही. विचारून बघा.

खाल्लेलं सगळं काही तासांनी उलटून पडतंय, म्हणजे जठरातून पुढे जायची वाट अडली असण्याची शक्यता. तिथे डमरूच्या आकाराचा धातूचा स्टेंट टाकून जठर पुढच्या आतड्याला जोडतात, पोट न कापता. हे काम अनुभवाचं आहे, त्यामुळे डॉक्टर अशा किती केसेस करतात आणि काही झालं तर त्याच हॉस्पिटलमध्ये सर्जन आहेत का, हे विचारायला अजिबात लाजू नका.

इन्सुलिनोमासारख्या (जास्तीचं इन्सुलिन सोडणाऱ्या स्वादुपिंडातल्या) छोट्या गाठी काही सेंटरमध्ये ऑपरेशन न झेपणाऱ्यांसाठी सुईतून उष्णता देऊन जाळतात, पण ते मोजक्याच पेशंटसाठी.

आता तयारी. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन काहीही, तर तारीख घेतानाच सांगा, कुठली कधी थांबवायची ते डॉक्टरच ठरवतील, स्टेंटवाल्या हार्ट पेशंटने तर स्वतःहून मुळीच थांबवू नये. शुगरच्या गोळ्या आणि इन्सुलिनचं पण विचारून घ्या. साधारण ६ ते ८ तास उपाशी ठेवतात, अडलेल्या जठराला जास्त वेळ लागतो. कवळी काढून ठेवा. सीटी स्कॅनचा नुसता रिपोर्ट नको, सीडी पण न्या, डॉक्टरांना फोटो स्वतः बघायचे असतात. महात्मा फुले योजनेत बसतं का ते अ‍ॅडमिट व्हायच्या आधी आरोग्यमित्राला विचारा, नंतर धावपळ होते.

भूल देतात, त्यामुळे सोबत माणूस पाहिजे आणि त्या दिवशी पेशंटने गाडी चालवायची नाही. घसा थोडा दुखतो, ते चालतं. पण पोटात जोरात दुखणं, थंडी वाजून ताप, काळी संडास, रक्ताची उलटी यातलं काही झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच कॅज्युअल्टीला जा. स्टेंट टाकला असेल तर प्लास्टिकचा की धातूचा आणि कधी बदलायचा हे डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या, प्लास्टिकचा साधारण ३ महिन्यांत तुंबतो, आणि त्या कार्डाचा फोटो घरातल्या दोघातिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा.