चहाला आधण येईपर्यंतची प्रार्थना

ख्रिस्ती विश्वासात नवीन आलं की जोश असतो हो. मीपण पहाटे ५ चा अलार्म लावला, नवी वही आणली, पाऊण तास प्रार्थना करायची असं ठरवलं, तीन दिवस केलीसुद्धा, चौथ्या दिवशी डायरेक्ट साडेसातला जाग आली आणि मग लाजेने दोन आठवडे बायबलला हातच लावला नाही. म्हणून आधीच सांगतो, पाऊण तास वगैरे सोडा, पाच मिनिटं पकडा आणि ती रोज न चुकता होणाऱ्या कामाला बांधून टाका. माझी चहाला बांधलीयेत. गॅसवर आधण ठेवायचं, ओट्याशेजारी स्टुलावर बसायचं, मोबाईल बेडरूममध्येच ठेवायचा (बायबल ॲप उघडायला जातो आणि बोट व्हॉट्सॲपवर पडतं, तुमचंही होईल). बायबलात मत्तय ६:६ मध्ये (मत्तयचं शुभवर्तमान, अध्याय ६, ओवी ६) खोलीत जाऊन दार लावून घ्या असं आहे, पण वन रूम किचनमध्ये सहा माणसं असतील तर कुठलं दार लावणार? गच्ची, जिना, लोकलची खिडकी, काहीही चालतं. दुधावर एक डोळा ठेवून केली तरी चालते.

आता म्हणायचं काय? प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली, मत्तय ६:९ ते १३. घाईत म्हटली तर अर्ध्या मिनिटात संपते आणि तिथेच घोळ होतो, तोंड चालू आणि डोकं ऑफिसात. रोज पूर्ण म्हणा पण एकाच ओळीवर थांबा. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' घ्या. आज, म्हणजे आजची. पुढच्या महिन्याचा हप्ता, पोराची ॲडमिशन, हे सगळं मनात येणारच, येऊ द्या, त्यातलं आजचं काय तेवढं बोला. दुसऱ्या दिवशी 'आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' ही ओळ, म्हणजे आमचं वाईट केलेल्यांना आम्ही माफ केलंय. इथे मी दरवेळी अडकतो, कारण एका नातेवाईकाचा चेहरा समोर येतो. अडकलात तर तसंच सांगा, की प्रभू, माझ्याने सोडवत नाहीये.

आणि पाळकसाहेबांसारखं बोलायला जाऊ नका. 'हे सर्वसमर्थ, कृपावंत' चर्चमध्ये भारदस्त वाटतं, स्टुलावर बसून माझ्या तरी तोंडात बसत नाही. घरी बोलता तशा मराठीत बोला. मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ताची भक्ती अभंगांतच गायली, धर्म बदलला तरी भाषा आपलीच ठेवली की.

काही दिवस शब्दच सुचत नाहीत, तेव्हा बायबलातलं स्तोत्रांचं पुस्तक उघडा. १५० आहेत, पण १ पासून ओळीने जाऊ नका, ११९ ला पोचलात की १७६ ओव्या बघून घाम फुटेल. २३ आणि १२१ शांत दिवसांसाठी. डोकं फिरलेलं असेल तर १३ वाचा, सहाच ओव्या आहेत, दावीद सरळ विचारतो की देवा, अजून किती दिवस मला विसरणारेस. मला हे कळलं तेव्हा हायसं वाटलं, देवापुढे तक्रारपण चालते म्हणजे.

दुसऱ्यांसाठी करायची असेल तर फ्रिजवर चिठ्ठी लावा, तीनच नावं. चर्चच्या ग्रुपवर रोज वीस विनंत्या येतात, सगळ्या धरल्या तर हजेरी घेतल्यासारखं होतं. दर रविवारी उपासनेहून आलो की मी चिठ्ठी बदलतो, एक नाव मात्र मागच्या वर्षापासून आहे तिथेच आहे, कागद पिवळा पडला म्हणून परत लिहून लावलं.

खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं करून भरपाई करायची नाही, परत पाचच, परत तोच चहा. आणि सकाळ हुकली तर रात्री दिवा घालवताना लूक १८ मधल्या येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराची एक ओळ म्हणा, 'हे देवा, मज पाप्यावर दया कर', आणि झोपा.