हाय-रेझ प्लेअरची बॅटरी जास्त तास कशी चालवावी

हाय-रेझ प्लेअरची, म्हणजे सीडीपेक्षा उच्च दर्जाच्या फायली वाजवणाऱ्या खास म्युझिक प्लेअरची, बॅटरी लवकर उतरायला लागली की पहिला संशय येतो मोठ्या फायलींवर. मग चांगल्या फ्लॅक फायली (दर्जा न घटवता साठवलेली, म्हणून आकाराने मोठी गाणी) काढून एमपी३ भरल्या जातात. तसं मुळीच करू नका. २०२३ मध्ये आलेल्या सोनीच्या एनडब्ल्यू-ए३०६ वॉकमनसाठी कंपनीने दिलेले आकडे बघा: ४४.१ किलोहर्ट्झच्या फ्लॅकवर ३६ तास, ९६ किलोहर्ट्झच्या मोठ्या फायलींवर ३२ आणि स्ट्रीमिंगवर २६. फाईल मोठी झाल्याने चारच तास गेले, स्ट्रीमिंगने मात्र दहा.

१. आधी मोजा. बॅटरी पूर्ण भरा, एकच अल्बम रिपीटवर लावा. हेडफोन आणि आवाज रोजचाच, पडदा बंद. बॅटरी २० टक्क्यांवर यायला किती तास लागले ते लिहून ठेवा. पुढचे बदल एकेक करून पुन्हा मोजा. सगळे एकदम केलेत तर फायदा कशाने झाला ते कळणार नाही.

२. स्ट्रीमिंग ॲपमधली आवडती गाणी घरी असतानाच डाउनलोड करा आणि ऐकताना एअरप्लेन मोड लावा. ॲन्ड्रॉइड प्लेअर असेल तर सेटिंग्जमधला बॅटरी वापर उघडून पाहा. मागे गुपचूप चालणारी ॲप तिथे सापडतात. नको असलेली सरळ काढून टाका. रात्री प्लेअर स्टँडबायवर ठेवण्यापेक्षा बंद करा.

३. आता हेडफोनला ताकद पुरवणारा अँप्लिफायर. माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष इथेच होतं. ४.४ मिमीच्या बॅलन्स्ड जॅकवर साधारणपणे प्रत्येक चॅनलला दोन अँप्लिफायर राबतात, म्हणून बॅटरी जास्त लागते. बऱ्याच प्लेअरमध्ये हाय गेनवरही (अँप्लिफायरची जास्त ताकदीची सेटिंग) बॅटरी जास्त लागते. १६ ते ३२ ओहमच्या, म्हणजे कमी विद्युतरोधाच्या, इअरफोनला बहुधा यातल्या कशाचीच गरज नसते; लो गेन आणि साधा ३.५ मिमीचा जॅक पुरतो. सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा हेडफोन असेल तर मात्र हाय गेन खुशाल वापरा, ती ताकद तिथे खरोखर कामी येते. हाय गेनवर गाणं जास्त खुललेलं वाटतं ते बऱ्याचदा नुसता आवाज वाढल्यामुळे. दोन्हीकडे आवाज सारखा करून ऐका, मग ठरवा.

४. अपसॅम्पलिंग (फाईलचा सॅम्पल रेट वाढवून वाजवणं), नेहमीच्या पीसीएम ऑडिओचं डीएसडी या दुसऱ्या डिजिटल स्वरूपात रूपांतर करणं, सोनीचं डीएसईई (आवाजातले हरवलेले बारकावे भरून काढणारी सोय) यांसाठी प्रोसेसर सतत राबतो. ते बंद करून ऐका. फरक जाणवला नाही तर बंदच राहू द्या. इक्वलायझर मनापासून आवडत असेल तर ठेवा, ऐकण्याची मजा घालवून तास वाचवण्यात अर्थ नाही.

५. मेमरी कार्ड मोठं असेल तर प्रत्येक वेळी आपोआप होणारं गाण्यांचं स्कॅनिंग बंद करा. नवीन गाणी टाकली की स्वतः स्कॅन करा.

६. बॅटरीचं आयुष्यही जपा. लिथियम-आयनला पूर्ण भरलेलं राहणं आणि उष्णता, दोन्ही सोसत नाही. काही वॉकमनमध्ये बॅटरी केअर हा पर्याय आहे. तो चार्जिंग सुमारे ९० टक्क्यांवर थांबवतो. तो चालू ठेवा. उन्हात उभ्या गाडीत प्लेअर विसरू नका. महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर निम्मा चार्ज करून ठेवा आणि अधूनमधून तपासा.

मागचं झाकण फुगलेलं किंवा पडद्याची कड उचललेली दिसली तर चार्जिंग ताबडतोब थांबवा. स्वतः उघडायला जाऊ नका, सर्व्हिस सेंटरला दाखवा.